वन्संची दुसरी पाटी

वन्संची दृष्टी एकदम गेली नाही. आधी कडेचं दिसेनासं झालं. फळा दिसायचा, पण फळ्याच्या बाजूला हात वर करून उभी असलेली मुलगी दिसायची नाही. मग फळ्याचाही मधला तुकडाच उरला, आणि शेवटी तोही कुणी ओल्या फडक्यानं पुसावा तसा गेला. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, औषधं झाली, शस्त्रक्रिया झाली. प्राथमिक शाळेत उभी हयात घालवलेल्या बाई एका दुपारी एक ट्रंक आणि पुस्तकांनी भरलेली पोती घेऊन धाकट्या भावाच्या घरी राहायला आल्या.

भाऊ वायरमन होता. आईवडील लवकर गेल्यावर याच बहिणीनं त्याला वाढवलं, कामाला लावलं, त्याचं लग्नही तिनंच करून दिलं. त्यामुळे ताईला आणायचं की नाही हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता जागेचा. दोन खोल्या, खाली पंक्चर काढायचं दुकान, दिवसभर हवा भरायच्या यंत्राची फटफट. त्यात तो, त्याची बायको आणि नववीतली लेक. बायकोनं खिडकीजवळची कपड्यांची पेटी हलवली, तिथे खाट टाकली आणि म्हणाली, "वन्सं, इथे उजेड छान येतो."

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. वन्सं मात्र हसल्या. "येतो ना. गालावर कळतो मला."

या बायकोला घरात सगळे धाकटी म्हणत. हे नाव वन्संनीच लग्नात पाडलेलं. भाऊ आपल्याहून धाकटा आणि ही त्याच्याहून धाकटी, म्हणून. धाकटी पावाच्या बेकरीत कामाला होती. पहाटेची पाळी, पीठ मळायचं, गोळे तोलायचे, ट्रे भट्टीपाशी न्यायचे, आणि दुपारी जेवायच्या वेळेला घरी. अंगाला कायम खमिराचा आंबूस वास. कामाला वाघीण, बोलायला फटकळ, पण अक्षराशी तिचं जन्मात जमलेलं नव्हतं. लहानपणी काही दिवस ती शाळेत गेली होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन. पोर वर्गात रडायचं, म्हणून मास्तर दोघांना बाहेर बसवायचे. बाहेर बसून काय कळणार? एक दिवस ती गेलीच नाही, आणि का आली नाहीस म्हणून विचारायलाही कुणी आलं नाही.

पुढे तिनं आपलं निभावून नेलं. औषधं बाटलीच्या आकारावरून ओळखायची. बस कंडक्टरला विचारून पकडायची. सही ती लिहायची नाही, काढायची. फुलाचं चित्र काढावं तशी, जीभ दातांत धरून. लेकीनं एकदोनदा शिकवायचा प्रयत्न केला होता, पण दोघींचाही पारा एकाच वेळी चढायचा, आणि पाटी कोपऱ्यात जायची.

वन्सं घरात आल्या त्या जणू पाहुण्यासारख्या. सगळ्याला "चालेल" म्हणायच्या. रेडिओ लावला तर ऐकायच्या, बंद केला तर गप्प बसायच्या. संध्याकाळी भाऊ पेपर वाचून दाखवायचा, पण दिवसभर खांबांवर चढउतार केलेला माणूस तो, मोठे मथळे वाचून झाले की त्याची मान खाली. "आणि पुढे?" वन्सं विचारायच्या. पुढे घोरणं.

एका दुपारी धाकटी भाजी निवडत बसली होती. समोर खाटेवर वन्संनी पोत्यातलं एक पुस्तक काढून मांडीवर उघडलं होतं. पानं उलटत होत्या, पानावरून तळवा फिरवत होत्या, मध्येच थांबत होत्या. चेहरा असा, जणू खरंच वाचताहेत. धाकटीला वाटलं, बरं झालं, जरा मन रमतंय. तिनं आवाज न करता भाजी निवडली.

इतक्यात लेक शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि खो खो हसत सुटली. "अगं आत्या! पुस्तक उलटं धरलंयस!"

वन्संचा हात पानावरच थांबला. मग त्याही हसल्या, पण उशिरा. पुस्तक फिरवून घेत म्हणाल्या, "मला काय कळणार गं बाई आता उलटं आणि सुलटं."

धाकटी मात्र हसली नाही. तिच्या हातातली काडी तशीच राहिली. इतका वेळ ती अगदी समोर बसली होती. दोन धडधाकट डोळे घेऊन. आणि तिलाही कळलं नव्हतं.

त्या दिवशी लेक खेळायला गेल्यावर ती वन्संच्या खाटेजवळ जाऊन जमिनीवर बसली. म्हणाली, "वन्सं, मला वाचायला शिकवा."

वन्संनी पुस्तक मिटलं. "मी? अगं, तू काय लिहितेयस ते मला दिसणार कसं?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही मास्तरीण आहात. मला एवढंच कळतं, की तुम्हाला पेपर पूर्ण वाचून दाखवणारं माणूस या घरात पाहिजे. हे तर मथळ्यातच झोपतात."

"माझ्यासाठी शिकणार तू?"

"मग काय माझ्यासाठी? माझं अडलंय कुठे?" असं म्हणाली खरी, पण तिचा आवाज चिरकला, आणि वन्संना डोळे नसले तरी कान होते.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं बेकरीतून ट्रेच्या कडांना चिकटलेलं, पावाच्या कामाचं न राहिलेलं पीठ आणलं. भट्टीवरच्या बाईला विचारूनच आणलं. ती म्हणाली, "काय करणार गं याचं?" धाकटी म्हणाली, "शाळा." त्या पिठात मीठ घालून तिनं घट्ट गोळा मळला, आणि दुपारी ताट उपडं घालून त्यावर वन्संनी तिला पहिलं अक्षर वळायला लावलं.

"आधी वरची रेघ. लांब वळ. हां. आपली अक्षरं या रेघेला लटकलेली असतात, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. रेघ वर, कपडे खाली. म्हणजे पुस्तक सुलटं."

"एवढंच?" धाकटी म्हणाली. "हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

मग ती अक्षर वळायची आणि वन्सं त्यावरून बोट फिरवायच्या. "हा 'म' आहे का 'भ'? इथे रेघ तोडायची. तोडलीस? हं, आता झाला." पिठाच्या अक्षरांना वन्संची बोटं लवकर सरावली. चूक झाली की त्या लगेच ओळखायच्या, आणि ओळखली की त्यांच्या आवाजात वर्गातला तो जुना करडेपणा यायचा. धाकटीला तो आवाज आवडायचा. पाहुणी गेली होती, बाई परत आली होती.

वाळलेली अक्षरं खिडकीत ठेवलेली असायची. त्यातलं 'ळ' एकदा उंदरानं पळवलं. "त्याला तेवढंच येत असेल," वन्सं म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या, की खालच्या पंक्चरवाल्यानं वर बघितलं.

अक्षरांचे शब्द झाले, शब्दांच्या ओळी झाल्या. धाकटी बेकरीत जाताना दुकानांच्या पाट्या वाचू लागली, आणि तिला आश्चर्य वाटायचं, ते हे की ज्या रस्त्यानं ती इतकी वर्षं गेली तो रस्ता सारखा काहीतरी बोलत होता. 'येथे थुंकू नये' हे वाचून तिला भलताच आनंद झाला. ज्या भिंतीपाशी सगळे थुंकायचे, त्या भिंतीचं म्हणणं तिला पहिल्यांदाच कळलं होतं.

पण पेपर आला आणि गाडी अडली. पेपरातले शब्द पाठ्यपुस्तकासारखे साधे सरळ नव्हते. एका संध्याकाळी सगळे बसलेले असताना ती एका ओळीवर आली. "प्र... त्य... प्रत्य..." घाम फुटला. नवऱ्याला तिची दया आली. त्यानं मागून डोकावून सांगून टाकलं, "प्रत्यक्षदर्शी."

"तिच्या तोंडातला घास काढू नकोस!" वन्सं कडाडल्या.

पण उशीर झाला होता. धाकटीनं पेपर घडी करून खाली ठेवला. "राहू दे. तिच्या वयाच्या पोरी," तिनं लेकीकडे बोट दाखवलं, "हे असं घडाघडा वाचतात. माझे केस पांढरे व्हायला लागले. या डोक्यात आता एकावर एक बसलेली अक्षरं शिरायची नाहीत. शिरायचं ते पीठच." आणि ती भांडी घासायला निघून गेली.

त्यानंतर तिनं पुस्तकाला हात लावला नाही. वन्संनीही आग्रह केला नाही. फक्त दुपारी खोली फार शांत असायची.

त्याच सुमारास लेकीच्या शाळेत कुणीतरी सांगितलं, की बाजारामागच्या अंध संस्थेत ठिपक्यांची लिपी शिकवतात, ब्रेल. भाऊ हट्टानं ताईला तिथे घेऊन गेला. परत आल्या तेव्हा वन्संच्या हातात धातूची एक पाटी होती, ओळीनं बारीक खिडक्या असलेली, आणि एक लाकडी मुठीची टोचणी. जाड कागद पाटीत अडकवायचा, खिडकीत टोचणीनं ठिपके पाडायचे, उजवीकडून डावीकडे. मग कागद उलटा केला, की ठिपके वर येतात आणि डावीकडून वाचायचे. प्रत्येक अक्षर म्हणजे सहा ठिपक्यांतले काही ठिपके.

आणि वन्संना ते येईना.

पिठाची अक्षरं ओळखणारी बोटं या ठिपक्यांवर नुसती घसरायची. सगळं त्यांना सारखंच लागायचं, रव्यावरून हात फिरवल्यासारखं. संस्थेतला शिक्षक कोवळा पोरगा होता, त्याच्यासमोर त्या हसून वेळ मारून न्यायच्या. घरी मात्र तासन्‌तास खाटेवर बसून त्याच एका ओळीवर बोट घासत राहायच्या. एका दुपारी धाकटी पाळीवरून आली, तर वन्संनी कागद चुरगाळून खाली टाकला होता आणि त्या रडत होत्या. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून.

धाकटीनं त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. डोळे गेले तेव्हाही नाही.

"मी किती पोरांना वाचायला शिकवलं," वन्सं म्हणाल्या. "आणि आज मीच अडाणी झाले गं. एक अक्षर लागत नाही मला. एक."

धाकटीनं हात धुतले, पुसले. चुरगाळलेला कागद उचलून मांडीवर नीट सपाट केला. मग वन्संचं बोट धरून पहिल्या ठिपक्यावर टेकवलं.

"घाई नको," ती म्हणाली. "दाबू नका, नुसतं टेकवा. वरचा ठिपका आहे का? मला दिसतोय, तुम्ही शोधा."

"...आहे."

"त्याच्या शेजारी?"

"शेजारी नाही. खाली एक आहे."

"मग कुठलं अक्षर झालं?"

वन्संनी सांगितलं. धाकटीनं लेकीकडून अक्षरांचा तक्ता घेतला होता. ठिपक्याखाली छापलेलं अक्षर होतं, ते तिनं वाचून बघितलं. बरोबर होतं. "शाब्बास," ती म्हणाली, आणि दोघींनाही ते ऐकून गंमत वाटली, कारण तो शब्द, तो सूर, सगळं वन्संचंच होतं.

तिथून पुढे दुपारी दोन शाळा भरू लागल्या. आधी वन्संची, मग धाकटीची. धाकटीनं स्वतः एकदा डोळे मिटून ठिपके वाचायचा प्रयत्न केला, पण भट्टीचे ट्रे धरून धरून तिची बोटं निबर झाली होती. "माझ्या बोटांना नुसता कागद लागतो," ती म्हणाली. "तुमची बोटं खडूची आहेत, मऊ. तुम्हाला येणारच." ज्या दिवशी वन्संचं बोट अडायचं, त्या दिवशी धाकटी जोडाक्षरांशी जास्त नेटानं झुंजायची. समोर एवढी शिकलेली बाई पुन्हा पहिलीत बसली होती. मग आपल्याला लाज कसली? नवऱ्याला ताकीद होती, मागून सांगायचं नाही. तो बिचारा शब्द माहीत असूनही ओठ मिटून बसायचा, आणि अवघड शब्द पार पडला की त्यालाच घाम फुटलेला असायचा.

अशी वर्षभर तरी शाळा चालली. धाकटी पेपर वाचू लागली, अग्रलेखासकट. वन्संची बोटं ओळीवरून चालू लागली, आधी रांगत, मग सावकाश, मग बऱ्यापैकी.

एक दिवस वन्संच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका जिना चढून वर आल्या. शाळेत एका मुलीला प्रवेशासाठी आणलं होतं, जन्मापासून न दिसणारी. आई चहाच्या टपरीवर काम करते. दोन शाळांनी तिला परत पाठवलं होतं. "मला परत पाठवायचं नाहीये," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण शिकवणार कोण? संस्थेत विचारलं तर त्यांनी तुमचं नाव सांगितलं. बाई, तुम्ही याल?"

वन्संचा हात पाटीवर गेला. "येईन. पण पहिलीचं पुस्तक ठिपक्यांत मिळतं का?"

"मागवलंय. कधी येईल सांगता येत नाही."

तेव्हा चहाचा कप पुढे करत धाकटी म्हणाली, "मी वाचते की. मी वाचीन, तुम्ही टोचा."

पुस्तक असं तयार झालं. पहिलीचं पुस्तक धाकटीच्या मांडीवर, पाटी वन्संच्या मांडीवर. धाकटी एकेक शब्द सावकाश वाचायची, वन्सं टक टक टक टोचायच्या. चित्रं आली की पंचाईत व्हायची. "इथे बदक आहे," धाकटी सांगायची. "लिहा, बदक, पिवळं, मान वळवलेली." "तिला पिवळं काय कळणार?" वन्सं म्हणायच्या. "न का कळेना. असतं असं काहीतरी, एवढं तरी कळेल." मग वन्संनी तेही टोचलं. लेकीनं पानांना भोकं पाडून सुतळीनं बांधलं, भावानं जुन्या पुठ्ठ्याचं कव्हर घातलं. फुगून चांगलं उशीएवढं जाड झालं ते पुस्तक.

दुपारच्या वर्गाला धाकटी वन्संचा हात धरून त्यांना शाळेत घेऊन जाऊ लागली. मुलगी हाडकुळी, बडबडी, आणि भयंकर हुशार. तिची बोटं कोवळी. वन्संना जे शिकायला महिनोन्‌महिने लागले ते तिनं चुटकीसरशी उचललं. धाकटी मागच्या बाकावर बसून बघत राहायची. शाळेच्या खोलीत, आत, बाकावर. तिला तिथून कुणी उठवत नव्हतं.

एका दुपारी मुलीची आई टपरी बंद ठेवून ऐकायला आली होती. मुलगी ठसक्यात वाचत होती. वाचता वाचता थबकली.

"बाई, हे कसं? 'आकाशात काळे ठग जमले.' ठग आकाशात कसे जातील?"

वन्सं दचकल्या. धाकटीनं पटकन छापील पुस्तक उघडलं. ढग होते. 'ढ' चा 'ठ' तिनं वाचला होता.

"माझी चूक, वन्सं," ती म्हणाली. "मीच ठग वाचलं."

"आणि मी मुकाट्यानं टोचलं," वन्सं म्हणाल्या. "आभाळात ठग घालून मोकळी झाले! अगं, माझं लक्ष कुठे होतं?"

मुलगी हसून हसून बाकावर आडवी झाली. "असू द्या बाई, पुसू नका. मला ठगच आवडले." वर्गातली बाकीची मुलंही हसू लागली, मुलीची आई पदरात तोंड लपवून हसत होती, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिच्या पोरीनं पुस्तकातली चूक काढली होती. ज्या पोरीला कुणी दारातूनही आत घेत नव्हतं, तिनं.

वर्ग सुटल्यावर ती आई धाकटीजवळ आली. धाकटीचे हात तिनं नुसते धरून ठेवले. मग म्हणाली, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही एवढं वाचून दिलंत. तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात?"

आपल्याला कुणी बाई म्हणेल हे धाकटीच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं मागे वळून पाहिलं. वन्सं भिंतीला हात लावत दाराकडे येत होत्या, त्या मुलीशी काहीतरी बोलत, चेहऱ्यावर खडूची पूड नसली तरी तोच बाईंचा चेहरा.

"मी घरी शिकले," धाकटी म्हणाली. "या माझ्या नणंद. माझ्या लग्नात यांनी मला घरात घेतलं, आणि आता हे असं बाहेर आणलं. माझे उपकार मानू नका. चला, आपण दोघी त्यांचे मानू."

वन्संना ते ऐकू गेलं होतं. "कुणाचे उपकार आणि कुणाचं काय," त्या म्हणाल्या. "ही नसती तर मी अजून खाटेवर 'चालेल, चालेल' करत बसले असते." आणि मग मुलीच्या आईकडे तोंड करून, जणू तिला बघतच आहेत अशा थाटात विचारलं, "तुला येतं का गं वाचायला?"

आईनं मान हलवली. मग वन्संना मान दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाली, "नाही बाई."

"टपरी कधी बंद होते?"

"दुपारी जरा मोकळी असते."

"मग मुलीला न्यायला येतेसच. थोडी आधी येत जा." वन्संनी धाकटीचा हात शोधला आणि घट्ट धरला. "मागच्या बाकावर जागा आहे. धाकटे, उद्यापासून तू जरा सरकून बस."